आजारी नसलेल्या बाळाची डॉक्टर : डॉ. सारा जोसेफिन बेकर

तुमच्या घरात तान्हं बाळ असेल, तर बाळंतपणानंतरच्या पहिल्या दीड महिन्यात आशाताई घरी येऊन गेल्या असतील. त्यांनी बाळाचं वजन केलं असेल, नाळेची जागा कोरडी आहे का ते पाहिलं असेल, बाळ अंगावर नीट पितंय का हे बाळंतिणीला विचारलं असेल. बाळ तर ठणठणीत होतं. मग या कशाला आल्या, असं घरातल्या एखाद्याला वाटलंही असेल. आजारी माणसाने डॉक्टरकडे जायचं, हे आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं. बरं असलेल्या बाळाकडे आरोग्य खात्याने स्वतःहून यायचं, ही गोष्ट आजही थोडी जास्तीची वाटते.

सव्वाशे वर्षांपूर्वी तर ती कुणाच्या डोक्यातही येत नव्हती. ती डोक्यात आणून एका मोठ्या शहराच्या आरोग्य खात्याला कामाला लावलं न्यूयॉर्कच्या डॉ. सारा जोसेफिन बेकर यांनी. त्यांनी कुठलं औषध शोधलं नाही, कुठली शस्त्रक्रिया बसवली नाही. तरीही त्यांच्या कामामुळे वाचलेली मुलं हजारांत मोजावी लागतात. त्यांची ही ओळख मुद्दाम तुमच्यासाठी करून देत आहे, कारण त्यांनी दिलेला सल्ला बाळाच्या आईला आणि आजीला आजही रोज उपयोगी पडणारा आहे.

पाण्यातून आलेलं दुःख

जोसेफिन बेकर यांचा जन्म 15 नोव्हेंबर 1873 रोजी अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात, पुकिप्सी या हडसन नदीकाठच्या गावी झाला. वडील वकील, घर खाऊनपिऊन सुखी. मुलीने जवळच्याच व्हासार कॉलेजात शिकायचं, हे जवळजवळ ठरलेलं होतं. पण त्या सोळा वर्षांच्या असताना घरावर संकट कोसळलं. थोड्याच अवधीत टायफॉइडने आधी धाकटा भाऊ आणि मग वडीलही गेले.

टायफॉइड म्हणजे विषमज्वर. रुग्णाच्या किंवा जंतुवाहक माणसाच्या विष्ठेतून जंतू बाहेर पडतात आणि पाण्यातून किंवा अन्नातून दुसऱ्याच्या पोटात जातात. पुकिप्सीला नदीचं पाणी मिळत असे, आणि त्या काळी नदीकाठच्या वस्त्यांचं सांडपाणी नदीतच सोडलं जाई. तेव्हा प्रतिजैविकंही नव्हती. ताप चढला की घरातल्यांनी उशाशी बसून राहायचं आणि तो उतरण्याची वाट पाहायची, एवढंच हातात होतं.

वडील गेल्यावर पैशाची चणचण सुरू झाली. आई आणि बहीण यांच्यासाठी आपणच कमावलं पाहिजे, असं जोसेफिन यांनी ठरवलं आणि डॉक्टर व्हायचं पक्कं केलं. घरच्यांना आणि ओळखीपाळखीच्या लोकांना हा वेडेपणा वाटला. तरीही उरलेल्या पैशातून फी भरून त्या न्यूयॉर्क शहरात गेल्या. डॉ. एलिझाबेथ ब्लॅकवेल आणि त्यांच्या भगिनी डॉ. एमिली यांनी स्त्रियांसाठी काढलेल्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला.

नापास झालेला विषय

अभ्यासात त्या हुशार होत्या. 1898 साली त्या वर्गात दुसऱ्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या. पण त्याआधी एका विषयात त्यांची दांडी उडाली होती. तो विषय होता निरोगी मूल. आजारी मूल नव्हे, निरोगी मूल. त्यात शिकण्यासारखं ते काय असणार, असं वाटून त्यांनी तिकडे दुर्लक्ष केलं होतं. शिक्षिका डॉ. अ‍ॅनी डॅनियल यांनी त्यांना तो अभ्यासक्रम पुन्हा करायला लावला.

दुसऱ्यांदा करताना मात्र त्यांचं मन त्यात रमलं. मूल वाढतं कसं, त्याला काय लागतं, कुठल्या साध्या गोष्टी चुकल्या की ते आजारी पडतं, हे त्या बारकाईने वाचू लागल्या. ज्या विषयाने त्यांना नापास केलं, तोच पुढे त्यांच्या आयुष्याचा विषय झाला.

बोस्टनच्या रुग्णालयात उमेदवारी करून त्यांनी न्यूयॉर्कमध्ये दवाखाना थाटला. पहिल्या वर्षाची कमाई झाली 185 डॉलर. स्त्री डॉक्टरकडे रुग्ण सहजी फिरकत नसत. म्हणून 1901 साली परीक्षा देऊन त्यांनी शहराच्या आरोग्य खात्यात तपासनिसाची अर्धवेळ नोकरी धरली. पगार महिना 30 डॉलर. काम शाळांमध्ये जाऊन आजारी मुलं हुडकण्याचं. सुरुवातीला कारण पैशाचंच होतं. सेवेची मोठी स्वप्नं घेऊन त्या तिथे गेल्या नव्हत्या, हे त्यांनी स्वतःही लपवलं नाही.

जिने चढताना उमगलेली गोष्ट

1902 च्या उन्हाळ्यात त्यांना जास्त पगाराचं काम मिळालं. मॅनहॅटनच्या पश्चिमेला हेल्स किचन नावाची वस्ती होती. तिथल्या चाळीवजा इमारतींमध्ये घरोघर जाऊन आजारी तान्ही बाळं शोधायची, असं ते काम. पाच-पाच, सहा-सहा मजले, अंधारे जिने, कित्येक खोल्यांना खिडकीच नाही. एका खोलीत सात-आठ माणसं. बहुतेक आयर्लंडमधून आलेली गरीब कुटुंबं.

उन्हाळ्याच्या भरात शहरात आठवड्याला सुमारे 1500 बाळं दगावत, अशी आठवण डॉ. बेकर यांनी पुढे लिहून ठेवली आहे. कारण मुख्यतः एकच, जुलाब. हे असं का व्हायचं, ते नीट समजून घ्या, कारण त्यामागचं शास्त्र आजही तेच आहे.

गावाकडून आलेलं गाईचं दूध तेव्हा उघड्या कॅनमधून विकलं जाई. ते तापवलेलं नसे, अनेकदा त्यात पाणी घातलेलं असे. बर्फाशिवाय थंड ठेवण्याची सोय नव्हती आणि बर्फ गरिबाला परवडत नसे. उकाड्यात अशा दुधात जंतू झपाट्याने वाढतात. ते दूध नीट न धुतलेल्या बाटलीतून बाळाच्या पोटात गेलं की जुलाब सुरू. तान्ह्या बाळाच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाण्याचा असतो. जुलाबातून हे पाणी आणि त्याबरोबर क्षार निघून जातात. मोठा माणूस एक-दोन दिवस तग धरतो, बाळाला काही तासांतही शोष पडू शकतो.

आज आपल्याकडे जलसंजीवनी आहे. तेव्हा ती नव्हती. डॉ. बेकर यांना बाळ सापडायचं तेव्हा बहुतेक वेळा फार उशीर झालेला असायचा. डोळे खोल गेलेले, टाळू बसलेली, रडायचंही त्राण नाही. डॉक्टर असूनही त्यांच्या हातात काही नसे. आईही हताश झालेली असे. उन्हाळा आला की मुलं जायचीच, अशी तिच्या मनाची समजूत झालेली असे.

हे जिने चढता-उतरता डॉ. बेकर यांच्या लक्षात एक गोष्ट आली. आपण चुकीच्या बाळाला शोधतो आहोत. आजारी पडलेल्या बाळाला वाचवणं आपल्याला जमत नाही. मग ज्याला अजून काहीच झालेलं नाही, त्याच्याकडेच आधी का जाऊ नये?

मेरी मॅलनचं प्रकरण

त्या विचाराला संधी मिळण्याआधी त्यांच्या वाट्याला एक अगदी वेगळं काम आलं. एव्हाना त्या आरोग्य आयुक्तांच्या सहाय्यक झाल्या होत्या. 1907 साली जॉर्ज सोपर या तज्ज्ञाने टायफॉइडच्या काही साथींचा माग काढत मेरी मॅलन या स्वयंपाकिणीला गाठलं. ती ज्या ज्या घरी कामाला होती, त्यांपैकी बहुतेक घरांत टायफॉइड झाला होता. ती स्वतः मात्र धडधाकट होती. आजार न दिसताही तिच्या शरीरात जंतू होते. अशा माणसाला जंतुवाहक म्हणतात.

तपासणीसाठी तिचे नमुने आणायला डॉ. बेकर यांना पाठवलं गेलं. मेरीने त्यांना दारातूनच हाकललं. दुसऱ्या दिवशी त्या पोलिसांना घेऊन गेल्या. मेरी हातात मोठा काटा घेऊन धावून आली आणि मग गायबच झाली. कित्येक तास शोधल्यावर ती एका बंद दाराआड सापडली. तिला उचलून गाडीत घालावं लागलं आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत डॉ. बेकर अक्षरशः तिच्या अंगावर बसून राहिल्या. तपासणीत टायफॉइडचे जंतू सापडले.

मेरीला एका बेटावरच्या रुग्णालयात एकटं ठेवलं गेलं. स्वयंपाकाचं काम करणार नाही, या अटीवर 1910 साली सुटका झाली. पण 1915 मध्ये एका प्रसूती रुग्णालयात टायफॉइडची साथ आली, तेव्हा तिथली स्वयंपाकीण मेरीच निघाली. त्यानंतर 1938 मध्ये मृत्यू येईपर्यंत ती त्या बेटावरच राहिली.

या प्रकरणात कोण बरोबर, यावर आजही वाद होतो. लोकांना वाचवणं खात्याचं कर्तव्य होतं. पण जिला कधी आजारी असल्याचं जाणवलंच नाही, जिला दुसरं काम येत नव्हतं, तिला नीट समजावून सांगण्याचे आणि पोटापाण्याची दुसरी सोय लावून देण्याचे प्रयत्न पुरेसे झाले का? गरीब आयरिश लोकांविषयीचे त्या काळचे पूर्वग्रह डॉ. बेकर यांच्या लिखाणातही दिसतात. बळजबरीने एक माणूस अडवता येतो, हे या प्रकरणातून दिसलं. पण हजारो आयांच्या घरातली सवय बळजबरीने बदलत नाही. त्यासाठी वेगळी वाट धरावी लागते. ती वाट डॉ. बेकर यांना पुढच्याच वर्षी सापडली.

1908 चा उन्हाळा

त्या वर्षी त्यांनी खात्याकडून एक प्रयोग मंजूर करून घेतला. मॅनहॅटनच्या पूर्व भागातली, प्रामुख्याने इटालियन लोकांची एक दाट वस्ती निवडली. तिथला बालमृत्यूचा आकडा फार मोठा होता. उन्हाळ्यात शाळा बंद, म्हणून शाळांच्या 30 परिचारिका मोकळ्या होत्या. त्यांना या कामावर घेतलं.

पद्धत साधी होती. शहराच्या जन्मनोंदणी कार्यालयातून रोज नव्या बाळांची नावं-पत्ते घ्यायचे आणि लगोलग परिचारिकेने त्या घरी जायचं. बाळ आजारी असो वा नसो. गेल्यावर काय सांगायचं? बाळाला अंगावरचंच दूध पाजा. रोज अंघोळ घाला. उकाड्यात गुंडाळून ठेवू नका, पातळ कपडे घाला. खिडकी उघडा. बाळाला मोकळ्या हवेत घेऊन जा.

बस, इतकंच. औषध नाही, सुई नाही. पण परिचारिका एकदा येऊन उपदेश करून गेली, असंही नव्हतं. ती पुन्हा यायची, आईला करून दाखवायची, काय अडतंय ते विचारायची. तिच्या बोलण्यात धाक नव्हता. म्हणून दारं उघडत गेली.

उन्हाळा संपला आणि हिशोब मांडला गेला. त्या वस्तीत आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यापेक्षा 1200 बाळं कमी दगावली होती. हेल्स किचनमध्ये जी गोष्ट डॉ. बेकर यांना नुसती वाटली होती, ती आता आकड्यांनी सिद्ध झाली.

तुमच्या मनात येईल, ती 1200 बाळं कोणती? हे कुणालाच सांगता येणार नाही. औषधाने बरा झालेला रुग्ण डॉक्टरला दाखवता येतो. आजार टळलेलं बाळ दाखवता येत नाही. ते आपलं घरात खेळत असतं. त्याच्या आईलाही कळत नाही की ते त्या 1200 मधलं आहे. सार्वजनिक आरोग्याच्या कामाची हीच मोठी अडचण आहे. त्याचं यश कुणाला दिसत नाही.

खात्याच्या प्रमुख

त्याच वर्षी न्यूयॉर्क शहराने बालआरोग्यासाठी स्वतंत्र विभाग काढला. जनतेच्या करातून चालणारा असा विभाग याआधी कुठेच नव्हता. प्रमुख म्हणून डॉ. बेकर यांची नेमणूक झाली.

हाताखाली दिलेल्या सहा पुरुष डॉक्टरांनी लगेच राजीनामे पुढे केले. बाईच्या हाताखाली काम करणार नाही, हे कारण. डॉ. बेकर रागावल्या नाहीत. एक महिना काम करून पाहा, मग ठरवा, अशी विनंती त्यांनी केली. महिना झाल्यावर सगळे थांबले. पुरुषांच्या बैठकांत आपण बाई आहोत हे कुणाच्या लक्षातच येऊ नये, म्हणून त्या पुरुषी कोट, ताठ कॉलर आणि टाय घालत. कपड्यांपेक्षा काम बोललं पाहिजे, असा त्यांचा हिशोब होता.

पुढच्या पंधरा वर्षांत या विभागाने काय काय केलं ते पाहा. यातली एकेक गोष्ट तुमच्या ओळखीची निघेल.

स्वच्छ दूध : ज्या आईला अंगावर पाजणं शक्य नव्हतं, तिच्या बाळासाठी शहरात ठिकठिकाणी दूध केंद्रं उघडली. नेथन स्ट्रॉस या दानशूर व्यापाऱ्याने पाश्चरीकरण केलेल्या दुधाची केंद्रं आधीच सुरू केली होती. ते काम आता सरकारी खर्चानेही होऊ लागलं. दूध घ्यायला आई आली की बाळाचं वजन व्हायचं आणि तिला सल्लाही मिळायचा. हळूहळू ही केंद्रं म्हणजे निरोगी बाळांचे दवाखानेच झाली.

बाळाचे कपडे : बाळाला थरावर थर घालून घट्ट गुंडाळायची तेव्हा पद्धत होती. उकाड्यात बाळ तापायचं, कधी श्वास कोंडायचा. डॉ. बेकर यांनी पुढून उघडणारे, सैल, झटपट काढता-घालता येणारे कपडे तयार केले. आपल्याकडचं पुढे बंद असलेलं झबलं डोळ्यांसमोर आणा, म्हणजे कल्पना येईल. एका मोठ्या विमा कंपनीने त्यांचे नमुने आपल्या ग्राहकांना वाटले.

डोळ्यांचं औषध : आईला परमा हा गुप्तरोग असेल, तर प्रसूतीच्या वेळी जंतू बाळाच्या डोळ्यांत जातात आणि आंधळेपण येऊ शकतं. जन्मताच डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला तर ते टळतं, हे माहीत होतं. पण बाटलीतलं औषध वारंवार उघडून दूषित व्हायचं किंवा पाणी उडून जास्त तीव्र व्हायचं. अशा औषधानेच डोळा जाण्याची भीती असे. डॉ. बेकर यांनी मधमाश्यांच्या मेणाच्या छोट्या कुप्या काढल्या. एका कुपीत एका वेळेपुरतंच औषध. नवजात बाळांचं या कारणाने येणारं अंधत्व शहरातून जवळजवळ हटलं.

सुईणी : परदेशातून आलेल्या बायका पुरुष डॉक्टरकडून बाळंतपण करून घ्यायला तयार नसत. सुईणींवर बंदी घाला, असं अनेक डॉक्टर म्हणत होते. डॉ. बेकर यांनी उलटं केलं. सुईणींना प्रशिक्षण दिलं, परवाना सक्तीचा केला, त्यांच्या कामावर देखरेख ठेवली.

छोट्या आया : गरीब घरांत आई कामाला गेली की धाकट्या भावंडाला सांभाळणार कोण? थोरली बहीण. ती असेल बारा वर्षांची. डॉ. बेकर यांनी अशा शाळकरी मुलींचे गट केले. बाळाला कसं धरायचं, कसं न्हाऊ घालायचं, दूध कसं स्वच्छ ठेवायचं, हे त्यांना शिकवलं. या मुली ते घरी आईला शिकवत आणि शेजारपाजारच्या बायकांनाही सांगत.

मायेचा स्पर्श : टाकून दिलेली अर्भकं रुग्णालयात ठेवली जात. स्वच्छता असूनही त्यांतली फार दगावत. डॉ. बेकर यांनी त्यांतली काही बाळं गरीब वस्तीतल्या, स्वतःची मुलं वाढवलेल्या बायकांकडे सांभाळायला दिली. तिथे रुग्णालयासारखी टापटीप नव्हती, पण कडेवर घेणारं माणूस होतं. बाळं जगण्याचं प्रमाण वाढलं. बाळाला दुधाबरोबर कुशीही लागते, हे त्यावरून कळलं.

तक्रारही आली

इतकं चांगलं काम, मग सगळे खूश असतील, असं तुम्हाला वाटेल. तसं झालं नाही. ब्रुकलिन भागातल्या तीसहून अधिक डॉक्टरांनी महापौरांकडे अर्ज केला की हा विभाग बंद करा. कारण काय, तर विभागामुळे बाळं आजारीच पडत नाहीत आणि आमचा धंदा बसतो आहे. तो अर्ज डॉ. बेकर यांच्याकडे आला. त्यांना राग येण्याऐवजी आनंदच झाला. आपलं काम चाललंय याची याहून चांगली पावती कोण देणार होतं? मी स्वतः डॉक्टर आहे, म्हणून ही गोष्ट वाचताना हसू येतं आणि थोडी लाजही वाटते.

न्यूयॉर्क विद्यापीठाने त्यांना बालआरोग्यावर शिकवायला बोलावलं. त्या म्हणाल्या, शिकवेन, पण सार्वजनिक आरोग्याच्या पदवीसाठी मलाही प्रवेश द्या. विद्यापीठ स्त्रियांना घेत नव्हतं. नकार आला. मग शिकवायला त्यांच्याइतकं जाणकार कुणी मिळेना, तेव्हा नियम बदलला. 1917 साली त्या सार्वजनिक आरोग्यात डॉक्टरेट झाल्या. त्यांच्यामुळे पुढच्या मुलींनाही ते दार उघडलं. त्यांना स्त्री म्हणून ऐकून घेणारे विद्यार्थी फार नव्हते. वर्गात टाळ्या वाजवून टिंगल व्हायची. तरी त्या वर्षानुवर्षं शिकवत राहिल्या.

पहिलं महायुद्ध सुरू होतं तेव्हा अमेरिकेत जन्मलेल्या बाळापेक्षा खंदकात लढणारा सैनिक सुरक्षित आहे, हे त्यांनी आकडे मांडून एका वार्ताहराला दाखवलं. बातमी देशभर गाजली. सैनिकांसाठी हळहळणाऱ्या लोकांचं लक्ष पाळण्याकडेही वळलं.

पाळण्यातला बदल

विभाग सुरू झाला त्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये जन्मणाऱ्या दर 1000 बाळांपैकी सुमारे 144 बाळं वर्षाच्या आत जात होती. 1923 मध्ये डॉ. बेकर निवृत्त झाल्या, तेव्हा हा आकडा सुमारे 66 वर आला होता. सगळं श्रेय एकट्या त्यांचं नाही, हेही सांगायला हवं. त्याच काळात शहराच्या दुधावर पाश्चरीकरणाची सक्ती आली आणि पाणीही सुधारत गेलं. पण स्वच्छ दूध घरी आल्यावर ते स्वच्छ ठेवायचं कसं, हे आईच्या कानापर्यंत पोहोचवलं ते त्यांच्या परिचारिकांनी.

निवृत्तीनंतर राष्ट्रसंघाच्या आरोग्यविषयक समितीवर आणि अनेक संस्थांत त्यांनी काम केलं. 1939 मध्ये आत्मचरित्र लिहिलं. 22 फेब्रुवारी 1945 रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचं निधन झालं. ज्यांची बाळपणं त्यांनी सुखरूप पार पाडली, ती हजारो माणसं तेव्हा त्याच शहरात नोकऱ्या-धंदे करत होती, संसार करत होती. त्यांच्यातल्या बहुतेकांनी डॉ. बेकर यांचं नावही ऐकलं नसेल.

तुमच्या घरी यातून काय घ्याल?

1908 मध्ये परिचारिकांनी दारोदार सांगितलेलं आजही तसंच्या तसं लागू आहे. त्यात विज्ञानाने थोडी भर घातली आहे.

पहिले सहा महिने बाळाला फक्त अंगावरचं दूध द्या. पाणी, मध, घुटी, वरचं दूध काही नको. उन्हाळ्यातही पाणी लागत नाही, आईच्या दुधात ते पुरेसं असतं. काही वैद्यकीय कारणाने वरचं दूध द्यावंच लागलं तर डॉक्टरांच्या सल्ल्याने द्या आणि बाटलीऐवजी उकळून घेतलेली वाटी-चमचा वापरा.

बाळाला हात लावण्याआधी, त्याची शी धुतल्यावर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुवा. मेरी मॅलनच्या गोष्टीतून निदान एवढं तरी घ्या की धडधाकट माणसाच्या हातूनही आजार पसरतो.

उकाड्यात बाळाला दुपट्यावर दुपटं गुंडाळू नका. डोळ्यांत काजळ किंवा सुरमा घालू नका. डोळ्यांतून पू येत असेल, पापण्या सुजल्या असतील, तर घरगुती उपाय न करता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

जुलाब लागले तर अंगावर पाजणं बंद करू नका, उलट जास्त वेळा पाजा. जलसंजीवनी आणि झिंक आशाताईंकडे व सरकारी दवाखान्यात मिळतं. वयानुसार किती द्यायचं ते विचारून घ्या. बाळ दूध ओढत नसेल, सुस्त पडलं असेल, डोळे किंवा टाळू खोल गेली असेल, लघवी फार कमी झाली असेल, शीतून रक्त जात असेल, सारख्या उलट्या होत असतील किंवा दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला असेल, तर वाट पाहू नका. लगेच दवाखाना गाठा.

आणि घरी प्रसूती झाली असो वा रुग्णालयात, आशाताई ठरलेल्या दिवशी येतील. रुग्णालयात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळ अगदी छान असलं तरी त्यांना घरात घ्या, बसवा, मनातलं विचारा. बाळ छान आहे म्हणूनच त्या आल्या आहेत.